पेशीत जिवाणू शिरला, हे कोणी पाहिलं?

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला शिकणाऱ्या, लोणार तालुक्यातल्या एका मुलीने विचारलंय: "तंतुकणिका आणि हरितलवकं हे फार पूर्वी स्वतंत्र जिवाणू होते, दुसऱ्या पेशीत शिरले आणि तिथलेच झाले, असं आम्हाला शिकवलं. घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, 'कोणी पाहिलं?' मला उत्तर देता आलं नाही. आणि तेव्हा झालं, तर आता का होत नाही?"

तुझ्या बाबांचा प्रश्न रास्त आहे. विज्ञानात पहिला प्रश्न हाच असायला हवा आणि शिकवताना आम्ही बहुतेक वेळा तोच टाळतो. म्हणून उत्तर जरा लांब देते, आणि बाबांना वाचून दाखवता येईल असं देते. त्यांच्यासाठी आधी एवढंच: तंतुकणिका म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा बारीक भाग, आणि हरितलवक म्हणजे उन्हावर झाडाचं अन्न बनवणारा हिरवा भाग.

मी सूक्ष्मजीवशास्त्राची. पंचवीस वर्षं जिवाणू संवर्धकं बनवण्यात गेली. मृगाच्या आधी सोयाबीन-तुरीच्या बियाण्याला गुळाच्या पाण्यात कालवून चोळतात ती काळ्या भुकटीची पाकिटं, दहा किलो बियाण्याला 250 ग्रॅम. काळी भुकटी नुसती लिग्नाइटची. खरा माल तिच्यात वस्तीला असलेला रायझोबियम. प्रयोगशाळेत आम्ही तो काँगो रेड घातलेल्या अगारवर वाढवायचो. इतर बरेच जिवाणू तो लाल रंग ओढून घेतात, हा घेत नाही. लाल थाळीवर साबुदाण्याच्या खिरीचे थेंब सांडावेत तशा पांढुरक्या, ओलसर वसाहती उठतात. हा जिवाणू माझ्या ओळखीचा, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करते.

सोयाबीन फुलावर आलं की मुळांवर बारीक गाठी दिसतात. बाबांनी त्या आयुष्यभर पाहिल्या असतील. एक गाठ नखाने फोडली की आतून गुलाबी-लाल निघते. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भाऊबंदाचा. त्या गुलाबी भागातली एक पेशी मोठ्या भिंगाखाली पाहिली तर ती जिवाणूंनी खच्चून भरलेली असते, हजारोंनी. आणि ते पेशीच्या फटीत किंवा भिंतीबाहेर नसतात, थेट पेशीद्रव्यात असतात. झाड त्यांच्याभोवती स्वतःचं पातळ पटल गुंडाळून ठेवतं, त्यांना साखरेपासून बनलेलं खाणं पुरवतं, आणि ते हवेतला नत्र पकडून झाडाला देतात. प्राणवायू जास्त झाला तर नत्र पकडणारं त्यांचं यंत्र बंद पडतं, म्हणून तो लेगहिमोग्लोबिन मोजूनमापून प्राणवायू पोचवतो.

म्हणजे जिवाणू दुसऱ्याच्या पेशीत जाऊन राहू शकतो का, याचं उत्तर तुमच्याच वावरात आहे. ते दरवर्षी घडतं.

पण हा रायझोबियम सालगडी आहे. पाडव्याला ठरला, वर्षभर राबला, साल संपलं की मोकळा. सोयाबीनच्या बियात तो नसतो. नवं रोप उगवलं की जमिनीतून त्याला पुन्हा बोलवावं लागतं. मूळ काही रसायनं सोडतं, जिवाणू उलट निरोप धाडतो, मग मुळावरचा केस वाकडा होतो आणि त्यातून तो आत घुसतो. हरभऱ्याचा गडी सोयाबीनच्या घरी चालत नाही, म्हणून प्रत्येक पिकाचं पाकीट वेगळं. शिवाय हा गडी स्वतःची सगळी शिदोरी बाळगून असतो. सोयाबीनवर काम करणाऱ्या ब्रॅडिरायझोबियमच्या एका वाणाचा पूर्ण डीएनए 2002 मध्ये वाचला गेला, त्यात प्रथिनांची 8,317 जनुकं निघाली. झाडाबाहेर तो खुशाल जगतो. तसा तो जगतो म्हणूनच आम्हाला पाकिटात भरता येत होता.

आता तुझ्या तंतुकणिकेचं बघू. माणसाच्या तंतुकणिकेत स्वतःचा डीएनए असतो, जिवाणूसारखाच गोल कड्याच्या आकाराचा. तो 1981 मध्ये पूर्ण वाचला: 16,569 अक्षरं, 37 जनुकं, त्यातली प्रथिनांची फक्त 13. काम चालवायला मात्र तिला हजाराहून जास्त प्रथिनं लागतात. बाकीची सगळी केंद्रकातल्या, म्हणजे पेशीचा मुख्य डीएनए जिथे असतो तिथल्या, जनुकांवरून बाहेर पेशीद्रव्यात बनतात आणि तिच्या दारातून आत घेतली जातात. ती बाहेर काढून थाळीवर वाढवू म्हटलं तर वाढत नाही. सालगडी आणि घरचा माणूस यांतला फरक इथे आहे. दोघंही एकाच छपराखाली राहतात. पण याचा सातबारा दुसऱ्याच्या नावावर चढलेला आहे.

आता बाबांचा 'कोणी पाहिलं?' घेते.

तीन पिढ्यांपूर्वीची वाटणी आज कोणी पाहिलेली नसते. तरी जमीन कोणाची हे ठरतं. फेरफार काढतात, जुना उतारा काढतात, धुऱ्यावरचे दगड बघतात. एकच कागद असेल तर शंका राहते, पण चार वेगवेगळ्या ठिकाणचे कागद एकच गोष्ट सांगायला लागले की वाद मिटतो. पेशीच्या बाबतीत तसेच कागद निघाले, आणि तेही एकमेकांना न ओळखणाऱ्या लोकांच्या हातून.

पहिली खूण जुनी आहे. 1883 मध्ये आंद्रेआस शिंपर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की हरितलवक फक्त हरितलवकापासूनच होतं. एकाचे दोन होतात. पेशी ते कोरं बनवू शकत नाही. केंद्रकात सगळी कारागिरी असूनही एकदा लवकं गेली की गेली. हे विरजणासारखं आहे. घरात दूध कितीही असो, विरजण संपलं तर शेजारून आणावं लागतं. 1905 मध्ये कॉन्स्टान्टिन मेरेझ्कोव्स्की या रशियन शास्त्रज्ञाने उघडच लिहिलं की हरितलवकं हे मुळात बाहेरून आलेले जीव आहेत. 1927 मध्ये अमेरिकेत आयव्हन वॉलिन यांनी तंतुकणिकांबद्दल तेच म्हटलं. कोणी फारसं ऐकलं नाही, आणि त्यात लोकांची चूक नव्हती. हातात कागद नव्हता.

कागद आला 1962-63 मध्ये. हरितलवकात आणि तंतुकणिकेत डीएनए आहे हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं. 1967 मध्ये लिन मार्गुलिस यांनी (तेव्हा त्या लिन सेगन या नावाने लिहीत) सगळे धागे एकत्र बांधून लेख छापला. त्याआधी तो डझनाहून जास्त ठिकाणांहून परत आला होता. त्यांच्या जिद्दीबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्यांचं सगळंच खरं ठरलं असं समजू नकोस. पेशीची हलणारी शेपटीसुद्धा बाहेरून आलेल्या जिवाणूपासून झाली असं त्या शेवटपर्यंत म्हणत राहिल्या. त्याला पुरावा मिळाला नाही. तंतुकणिका आणि हरितलवकांबद्दल मिळाला, म्हणून तेवढं स्वीकारलं गेलं.

तंतुकणिकेचा डीएनए वेगळा आहे याचा एक पुरावा आपल्या भागातल्या घराघरांत खाल्ला गेलाय, आणि ही गोष्ट सांगताना मला अजूनही नवल वाटतं. हायब्रीड ज्वारी. 1964 साली आलेला सीएसएच-1 हा देशातला ज्वारीचा पहिला संकरित वाण. ज्वारीच्या फुलात नर-मादी दोन्ही भाग एकत्र असतात, ती आपली आपणच फळते. मग लाखो कणसांमध्ये संकर घडवायचा कसा? हाताने परागकोश काढत बसणं शक्य नाही. म्हणून अशी मादी-ओळ घेतली जिच्यात परागच धरत नाहीत. तो दोष केंद्रकात नव्हता. मिलो गटातल्या ज्वारीचं पेशीद्रव्य आणि काफिर गटातल्या ज्वारीचं केंद्रक एकत्र आणलं, आणि त्यांचं जमेना. पेशीद्रव्यातल्या तंतुकणिकांचा डीएनए एक म्हणतो, केंद्रक दुसरं म्हणतं, आणि त्या ओढाताणीत पराग मरतात. हा गुण फक्त आईकडून येतो, कारण तंतुकणिका आईकडून येतात. मग बाप-ओळ अशी निवडायची की तिच्या केंद्रकात हा तंटा मिटवणारं जनुक असेल; म्हणजे शेतकऱ्याच्या वावरातलं संकरित झाड पुन्हा पराग धरतं आणि कणीस भरतं. बीजोत्पादनाचा प्लॉट घेतलेले लोक मादीच्या आणि नराच्या ओळी वेगळ्या लावतात ते यासाठीच. पेशीत दोन घराणी नांदतात आणि कधी कधी त्यांच्यात बिनसतं, यावर इथे साठ वर्षं बियाण्याचा व्यवहार उभा आहे.

दुसरी खूण बोलीची. आपला माणूस पुण्यात वीस वर्षं नोकरी करो, अगदी पुस्तकी बोलो, कधीतरी गडबडीत तोंडातून "काऊन?" निघतं आणि समोरचा ओळखतो की हा वऱ्हाडातला. प्रत्येक पेशीत प्रथिनं बनवणारं यंत्र असतं, रायबोझोम. त्यातल्या आरएनएची अक्षरं इतकी सावकाश बदलतात की कोट्यवधी वर्षांनंतरही मूळ बोली ओळखू येते. 1970च्या दशकात ती वाचायला सुरुवात झाली. हरितलवकाच्या रायबोझोमची बोली सायनोबॅक्टेरियांशी जुळली, ज्यांना आपण नीलहरित शैवाल म्हणायचो. तंतुकणिकेची बोली अल्फाप्रोटिओबॅक्टेरिया नावाच्या मोठ्या भावकीशी जुळली. आणि गंमत अशी की आमचा रायझोबियम याच भावकीतला आहे. 2018 च्या एका अभ्यासाने तंतुकणिकेची शाखा आज माहीत असलेल्या अल्फा घराण्याच्या अगदी बुडापाशी, शेजारी ठेवली. पण नातं त्याच गोताचं. ज्या पेशीत ती बसली आहे त्या पेशीच्या केंद्रकाची बोली मात्र वेगळीच आहे. एकाच घरात दोन बोली बोलल्या जातात, तर घरात कोणी बाहेरून आलेलं असणारच.

ही बोली औषधांनाही कळते. जिवाणूंच्या रायबोझोमवर चालणारं स्ट्रेप्टोमायसिन किंवा जेंटामायसिन काही माणसांचे कान निकामी करतं. त्यांच्या तंतुकणिकेच्या रायबोझोममध्ये एका अक्षराचा असा बदल असतो की तो जिवाणूच्या रायबोझोमसारखा आणखी दिसायला लागतो, आणि औषध जंतू समजून त्याच्यावर बसतं. हा दोषही आईकडूनच येतो.

याहून विलक्षण गोष्ट गडचिरोलीतल्या हिवतापाची. हिवतापाचा परजीवी प्लास्मोडियम हा जिवाणू नाही. त्याला केंद्रक आहे, तो तुझ्या-माझ्यासारखा दृश्यकेंद्रकी आहे. तरी डॉक्सिसायक्लिन, क्लिंडामायसिन ही जिवाणूंवरची औषधं त्याला लागू पडतात. का? 1990च्या दशकात उलगडलं. त्याच्या पोटात एक पिशवी आहे, चार पटलांची, सुमारे 35 हजार अक्षरांच्या गोल डीएनएची. ती आहे हरितलवकाचा अवशेष. त्याच्या पूर्वजाने कधीतरी लाल शैवालाची पेशी गिळली, त्या शैवालाच्या आत आधीच सायनोबॅक्टेरियाचं लवक झालेलं होतं. आता त्यात हिरवा रंग नाही, उन्हाचं काम नाही. पण काही आवश्यक रसायनं तिथेच बनतात, म्हणून ते टाकताही येत नाही. रक्तात राहणाऱ्या, डासाने आणलेल्या परजीवीच्या अंगात एका वनस्पतीची उरलेली खोली आहे आणि औषध त्या खोलीत जाऊन काम करतं.

हे झालं पाहुण्याबद्दल. यजमान कोण होता? आर्किया नावाच्या कुळातला. ते कुळ समजायला तुझ्या लोणारला जाऊ.

जून 2020 मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं तेव्हा तू शाळेत असशील. लोक नाना तर्क करत होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पाणी तपासलं तेव्हा क्षारात वाढणारे हॅलोआर्किया निघाले. पाणी आटून खारटपणा वाढला आणि त्यांची गुलाबी रंगद्रव्यं दिसायला लागली. एरवी ते पाणी हिरवं असतं ते मुख्यतः स्पायरुलिनासारख्या सायनोबॅक्टेरियामुळे. हिरव्यात हरितलवकाचे नातलग, गुलाबीत यजमानाच्या घराण्यातले लांबचे चुलत. आर्किया दिसायला जिवाणूंसारखेच, केंद्रक नसलेले. पण 1977 मध्ये कार्ल वूस आणि जॉर्ज फॉक्स यांनी रायबोझोमची बोली वाचून दाखवलं की हे वेगळंच कुळ आहे. हरितलवकाचा सध्या माहीत असलेला सगळ्यात जवळचा स्वतंत्र नातलग ग्लिओमार्गारिटा हा मेक्सिकोतल्या आल्चिचिका सरोवरातून मिळाला. तेही लोणारसारखं विवरातलं, अल्कधर्मी पाण्याचं. फक्त तिथलं विवर ज्वालामुखीचं, आपलं अशनीच्या आघाताचं.

लोणारचे आर्किया थेट पूर्वज नाहीत. थेट घराणं सापडलं 2015 मध्ये, ग्रीनलंड आणि नॉर्वेच्या मधल्या समुद्राच्या तळाच्या गाळात, तीन हजार मीटरहून खोल. जवळच्या उष्ण झऱ्यांना 'लोकीज कॅसल' म्हणतात, म्हणून त्यांना लोकिआर्किया नाव दिलं. जीव कोणी पाहिला नव्हता, फक्त गाळातल्या डीएनएचे तुकडे जुळवले होते. पण त्यात पेशीचा सांगाडा बनवणाऱ्या आणि पटलं वाकवणाऱ्या प्रथिनांची अशी जनुकं होती जी तोवर फक्त दृश्यकेंद्रकींची समजली जायची. मग 2020 मध्ये जपानी संशोधकांनी या घराण्यातला एक जीव प्रत्यक्ष वाढवून दाखवला. गाळ 2006 मध्ये जपानजवळच्या समुद्रातून 2,533 मीटर खोलीवरून काढलेला. त्याला दुप्पट व्हायला 14 ते 25 दिवस लागतात. आमचा सोयाबीनचा रायझोबियम सावकाश वाढणारा म्हणून आम्ही वैतागायचो, आणि तो सहा-आठ तासांत दुप्पट व्हायचा. दहा वर्षांहून जास्त काळ हे लोक त्या गाळाला सांभाळत बसले. प्रयोगशाळेत काम केलेल्या कोणालाही यातला धीर कळेल.

आणि त्यांनी पाहिलं काय? अर्ध्या मायक्रॉनचा गोळा, त्यातून निघालेले लांब, फांद्या फुटलेले हात. आत केंद्रक नाही, खोल्या नाहीत. तो एकटा वाढतही नाही. शेजारी दुसरा सूक्ष्मजीव लागतो, जो याने टाकलेला हायड्रोजन वापरतो. पाठ्यपुस्तकातल्या चित्रात एक मोठी अमिबासारखी पेशी छोट्या जिवाणूला घास घेतल्यासारखी गिळताना दाखवतात. तंतुकणिकेच्या बाबतीत ते चित्र मला पटत नाही. घास घ्यायला लागणारी यंत्रणा या घराण्यात दिसत नाही. दोन शेजारी एकमेकांचं टाकाऊ खात जवळ राहिले, एकाने दुसऱ्याभोवती हात गुंडाळले आणि पुढे मधली फट बुजली, असं त्या संशोधकांनी मांडलंय आणि पुराव्याला ते जास्त धरून आहे. पुस्तकातली आणखी एक गोष्ट दुरुस्त करून घे. तंतुकणिकेचं बाहेरचं पटल यजमानाचं आणि आतलं जिवाणूचं, असं सर्रास लिहिलेलं असतं. पण बाहेरच्या पटलातली नळीच्या आकाराची प्रथिनं ग्राम-ऋण (दोन पटलांच्या) जिवाणूंच्या बाहेरच्या पटलातल्या प्रथिनांचीच वंशज आहेत. मूळ जिवाणूलाच दोन पटलं होती. परीक्षेत मार्क जातील म्हणून वाद घालू नकोस, पण मनात बरोबर ठेव.

काळाचा अंदाज बाबांना हवा असेल. हवेत प्राणवायू साचू लागला तो सुमारे 240 कोटी वर्षांपूर्वी, सायनोबॅक्टेरियांमुळे. चित्रकूटच्या विंध्य खडकांत 160 कोटी वर्षांपूर्वीचे, लाल शैवालासारखे दिसणारे जीवाश्म 2017 मध्ये वर्णिले गेले. आपल्यापासून हे काही फार लांब नाही. तोपर्यंत तंतुकणिका आणि लवक दोन्ही पेशीत बसून झालेली होती.

सातबारा बदलल्याचं मघाशी म्हटलं. जनुकं पाहुण्याकडून केंद्रकात गेली, हे तरी कोणी पाहिलं? हे मात्र खरोखर पाहिलंय. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेड विद्यापीठात तंबाखूच्या हरितलवकात एक जनुक बसवलं, असं की ते केंद्रकात पोचलं तरच चालू होईल आणि रोपाला कॅनामायसिनपासून वाचवेल. मग या झाडांचे पराग साध्या तंबाखूवर घातले. परागातून लवकं सहसा जात नाहीत, केंद्रक जातं. अडीच लाख रोपं कॅनामायसिनवर उगवायला घातली. बाकी सगळी पांढरी पडली, फक्त 16 हिरवी राहिली. म्हणजे साधारण 16 हजार परागांमागे एकात जनुकाने घर बदललेलं होतं, एका पिढीत. हे 2003 मध्ये छापून आलं. माणसातही हे चालू आहे: 66 हजारांवर लोकांच्या डीएनएच्या 2022 च्या अभ्यासात, तंतुकणिकेचा नवा तुकडा केंद्रकात येऊन बसण्याचं प्रमाण दहा हजार जन्मांमागे एक असं निघालं. बहुतेक तुकडे निकामी पडून राहतात. पण कोट्यवधी वर्षं हे गळत राहिलं तर पाहुण्याकडे 37 उरणं नवलाचं नाही.

आता तुझा दुसरा प्रश्न, आता का होत नाही. होतं.

1966 मध्ये अमेरिकेत क्वांग जिऑन यांच्या प्रयोगशाळेतल्या अमिबांना जिवाणूंची लागण झाली. एकेका अमिबात साठ हजार ते दीड लाख जिवाणू. अमिबा भराभर मेले. दुसरा कोणी असता तर काचेची भांडी धुऊन टाकली असती. जिऑन यांनी वाचलेले थोडे अमिबा जपले आणि वर्षानुवर्षं पोसले. काही वर्षांनी त्यांनी बारीक सुईने लागण झालेल्या अमिबाचं केंद्रक काढून निरोगी अमिबाच्या पेशीद्रव्यात घातलं, तर अमिबा जगेना. त्यात तेच जिवाणू सोडले तर जगला. 1972 मध्ये त्यांनी हे मांडलं. ज्या रोगाने मारलं त्याच्यावाचून आता अमिबाचं चालत नव्हतं, आणि हा बदल एका माणसाच्या नोकरीच्या काळात, डोळ्यांसमोर झाला. बाबांना आधी ही गोष्ट सांग.

पॉलिनेला नावाचा गोड्या पाण्यातला एकपेशीय जीव आहे. त्याने तुझ्या-माझ्या ओळखीच्या हरितलवकाशी काही संबंध नसताना, सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी, स्वतंत्रपणे वेगळाच सायनोबॅक्टेरिया घरात घेतला. तो आता अर्ध्या वाटेवर आहे. आणि 2024 मध्ये माझ्यासारख्या नत्राच्या लोकांची झोप उडवणारी बातमी आली. समुद्रातल्या ब्रारुडोस्फेरा या शैवालात नत्र पकडणारा एक सायनोबॅक्टेरिया राहतो. तो शैवालाबरोबर वेळ साधून विभागतो आणि त्याची जवळजवळ अर्धी प्रथिनं शैवालाकडून येतात. सालगड्याचा तो घरचा झाला होता. त्याला नायट्रोप्लास्ट म्हणू लागले. त्याच वर्षी झुरिकमध्ये एका बुरशीच्या पेशीत अतिबारीक सुईने जिवाणू सोडले. पेशीत दाब फार असतो, जिवाणू आत जाईनात, तर सायकलचा पंप जोडून दाब दिला. जिवाणू बुरशीच्या बीजाणूंतून पुढच्या पिढीत गेले.

मग रोज नवीन अंगक, म्हणजे तंतुकणिकेसारखा पेशीचा भाग, का तयार होत नाही? एक तर, बहुतेक लागण मारते. जिऑन यांचेही बहुतेक अमिबा मेलेच. दुसरं, पाहुणा प्रत्येक विभागणीत बरोबर वाटला गेला पाहिजे, त्याची जनुकं केंद्रकात पोचून चालू झाली पाहिजेत, आणि बाहेर बनलेलं प्रथिन आत घेणारी दारं तयार झाली पाहिजेत. यांतलं एक राहिलं तरी व्यवहार मोडतो. तिसरं, जागा भरलेली आहे. ऊर्जेच्या कामावर आधीच 160 कोटी वर्षांहून जास्त मुरलेला माणूस असताना नवख्याला वाव कुठून मिळणार. आज माहीत असलेल्या सगळ्या दृश्यकेंद्रकींच्या तंतुकणिका एकाच मूळ घटनेच्या वंशज आहेत. मोनोसर्कोमोनॉइड्स नावाचा एक जीव तंतुकणिकेशिवाय सापडला 2016 मध्ये, पण त्याच्याही पूर्वजांकडे ती होती, त्याने नंतर टाकली. नत्राच्या कामाची जागा मात्र पिकांच्या पेशीत अजून रिकामी आहे. सोयाबीन दरसाल नवा गडी शोधतं आणि ज्वारी, पऱ्हाटी, गहू युरियावर जगतात. ती जागा कधी भरता येईल का, यावर लोक काम करताहेत. मी तरुण असते तर त्यातच पडले असते.

बाबांना डोळ्यांनी काही दाखवायचं असेल तर पावसाळा संपायच्या आत विहिरीच्या ओल्या दगडांवरचं मखमलीसारखं हिरवं मॉस चिमूटभर काढ आणि डब्यात ओल्या कापडात गुंडाळून कॉलेजला ने. त्याचं पान मधली शीर सोडली तर एकाच पेशीच्या जाडीचं असतं, कापायला लागत नाही. शेंड्याकडचं कोवळं पान पाण्याच्या थेंबात ठेव, काचपट्टी ठेव, आधी लहान भिंग, मग चाळीसचं. प्रत्येक पेशीत हिरव्या गोल टिकल्या दिसतील. घाई न करता एकेका पेशीवर थांब. बहुतेक गोल असतील. एखादी मध्ये आवळलेली दिसेल, दोन दाण्यांच्या भुईमुगाच्या शेंगेसारखी. ते लवक दोन होतंय, शिंपरने 1883 मध्ये लिहिलं तसंच. ती टिकली भिंगाच्या मधोमध आण, पट्टी हलू देऊ नकोस, आणि मोबाइलवर फोटो काढून घरी ने.